नवीन ग्राफिक्स कार्ड तर आणलं, पण त्याला वीज कोणत्या केबलने द्यायची?

ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडायचं आणि गर्दीसोबत चालत राहायचं. थोड्याच वेळात लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण ब्रिटिश काळातल्या मुंबईच्या गव्हर्नरचं नाव लोकांच्या तोंडून काही सुटलेलं नाही. कॉम्प्युटरचा कुठलाही सुटा भाग हवा असेल तर मुंबईकर आधी इथे येतो. गिरगावातला चालत येतो, दादरचा स्लो लोकल पकडतो, लालबाग-परळचा बस नाहीतर टॅक्सी करतो.

आणि परत जाताना यातल्या अनेकांच्या हातात एक मोठा, वजनदार खोका असतो. नवीन ग्राफिक्स कार्ड. कुणाला गेम खेळायचे असतात, कुणी लग्नाचे नाहीतर मंडळाच्या गणपतीचे व्हिडिओ एडिट करतो, कुणी थ्रीडी ॲनिमेशन शिकतोय. कार्डासाठी काही महिन्यांची बचत गेलेली असते किंवा ईएमआय सुरू झालेला असतो.

घरी येऊन कॅबिनेट उघडलं की कार्ड स्लॉटमध्ये बसवणं तसं सोपं. अडचण त्यानंतर येते. कार्डाच्या कडेला एक रिकामं सॉकेट दिसतं आणि कॅबिनेटमध्ये चार-पाच काळ्या केबल लोंबकळत असतात. त्यातली एक सॉकेटमध्ये शिरल्यासारखी वाटते. मग ती दाबायची आणि बटण सुरू करायचं, इतकंच ना?

नाही. कॉम्प्युटरच्या आत 'बसली म्हणजे बरोबर' हा नियम चालत नाही. चुकीची केबल कधीकधी बसते, आणि बरोबर केबल कधीकधी अर्धवट बसते. या दोन चुकांमुळे कार्ड, एसएमपीएस किंवा हार्ड डिस्क जळू शकते. म्हणून या केबलचं गणित एकदा नीट समजून घेऊ.

मुळात कार्डाला वेगळी वीज लागते कशाला?

ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डच्या ज्या लांब स्लॉटमध्ये बसतं, तिथून त्याला वीज मिळतेच. पण ती जास्तीत जास्त ७५ वॅट. साध्या कार्डांना तेवढी पुरते. उदाहरणार्थ, जीटीएक्स १६५० हे कार्ड ७५ वॅटचं असल्यामुळे त्याच्या अनेक मॉडेलना वेगळी केबल लागतच नाही.

पुढची कार्डं मात्र जास्त खातात. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, आरटीएक्स ३०६० ला १७०. आरटीएक्स ४०९० थेट ४५० वॅटवर जातं आणि २०२५ च्या जानेवारीत आलेलं आरटीएक्स ५०९० तर ५७५ वॅटवर. ही वाढीव वीज थेट एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायकडून, केबलने आणावी लागते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. घरातल्या सॉकेटमध्ये वीज २३० व्होल्टची असते. एसएमपीएस ती उतरवून कार्डाला १२ व्होल्टने देतो. व्होल्ट कमी झाले की तेवढ्याच वॅटसाठी प्रवाह, म्हणजे अँपिअर, वाढतो. भिंतीवरच्या सॉकेटमधून ६०० वॅट घ्यायला साधारण २.६ अँपिअर पुरतात. तेच ६०० वॅट १२ व्होल्टने न्यायचे तर ५० अँपिअर लागतात.

आणि तार किंवा पिन तापते ती अँपिअरमुळे. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. म्हणून मिक्सरची वायर कशीही खुपसली तरी खपून जातं, पण कॅबिनेटच्या आतला तो बोटभर प्लग नीट बसलाच पाहिजे.

सहा पिन, आठ पिन, सोळा पिन: फरक काय?

कार्डाला वीज देणारे प्लग मुख्यतः तीन प्रकारचे आहेत.

सहा पिनांचा प्लग: हा ७५ वॅटपर्यंत वीज देतो. जुन्या आणि मध्यम कार्डांवर दिसतो.

आठ पिनांचा प्लग: हा १५० वॅटपर्यंत देतो. आजही सर्वांत जास्त कार्डांवर हाच असतो. एसएमपीएसच्या केबलला तो बहुतेकदा ६+२ अशा दोन तुकड्यांत येतो. दोन तुकडे एकत्र धरले की आठ पिन, सुटे केले की सहा पिन. गंमत म्हणजे या वाढीव दोन पिनांतून १२ व्होल्टची एकही जादा तार येत नाही. एक परतीची, म्हणजे ग्राउंडची असते आणि दुसरी कार्डाला फक्त खूण सांगते की, 'आठ पिनांचा प्लग जोडलाय, जास्त वीज घेतलीस तरी चालेल.'

सोळा पिनांचा प्लग: वरच्या श्रेणीच्या नव्या कार्डांवर हा छोटा, दाट पिनांचा प्लग असतो. बारा पिन विजेच्या आणि वरच्या बाजूला चार बारीक पिन संदेशाच्या. पहिल्या आवृत्तीचं नाव १२व्हीएचपीडब्ल्यूआर, आणि २०२३ मध्ये सुधारून आलेल्या आवृत्तीचं १२व्ही-२x६. हा एकटा प्लग ६०० वॅटपर्यंत वीज देऊ शकतो.

आता आठ पिनांच्या आणि सोळा पिनांच्या प्लगची तुलना करून पाहा. आठ पिनांच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिन असतात. १५० वॅट घेतले तर प्रत्येकीच्या वाट्याला साधारण ४.२ अँपिअर येतात. सोळा पिनांच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या सहा पिन असतात आणि ६०० वॅटला प्रत्येकीच्या वाट्याला ८.३ अँपिअर. बाथरूममधला २,००० वॅटचा गिझर साधारण ८.७ अँपिअर घेतो. म्हणजे पूर्ण ताकदीवर या प्लगमधली प्रत्येक बारीक पिन जवळजवळ एका गिझरएवढा प्रवाह वाहून नेते.

गिझरसाठी आपण जाड वायर आणि १६ अँपिअरचं सॉकेट वेगळं लावून घेतो. इथे तेच काम काडीएवढ्या पिनकडे आहे.

सीपीयूची केबल कार्डाला लावली तर?

नवख्या माणसाची सर्वांत जास्त फसगत इथे होते. एसएमपीएसमधून आठ पिनांची आणखी एक केबल येते. ती मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरजवळ लागते. लांबून पाहिलं तर दोन्ही सारख्याच दिसतात. पण आतली मांडणी उलटी आहे.

प्लगला एका बाजूला लॉकची पट्टी असते. सीपीयूच्या प्लगमध्ये या पट्टीच्या बाजूच्या चारही पिन १२ व्होल्टच्या असतात. कार्डाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या पिन पट्टीच्या विरुद्ध बाजूला असतात. एकाच्या जागी दुसरा लावला तर जिथे वीज यायची तिथे ग्राउंड येतं आणि शॉर्ट सर्किट होतं.

ही चूक होऊ नये म्हणून पिनांभोवतीच्या प्लॅस्टिकला चौकोनी आणि कडा कापलेले असे वेगवेगळे आकार दिलेले असतात. त्यामुळे चुकीचा प्लग सहज जात नाही. पण जोर लावला तर प्लॅस्टिक वाकतं.

ओळखायची सोपी खूण अशी: सीपीयूची केबल सुटी केली की ४+४ होते, कार्डाची ६+२ होते. बहुतेक चांगल्या एसएमपीएसच्या प्लगवर 'सीपीयू' किंवा 'पीसीआय-ई' असं छापलेलंही असतं. मोबाइलचा टॉर्च लावून ते वाचा. आणि हाताला जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा.

एसएमपीएस बदलला, केबल जुन्याच ठेवल्या. चालेल?

अजिबात नाही. आणि ही चूक भल्याभल्यांकडून होते.

अनेक एसएमपीएस मॉड्युलर असतात, म्हणजे त्यांच्या केबल दोन्ही बाजूंनी निघतात. नवीन कार्डासाठी कुणी मोठा एसएमपीएस घेतो. जुन्या केबल कॅबिनेटच्या मागून छान ओढून बांधलेल्या असतात. मग वाटतं, कशाला सगळ्या काढा? नवीन एसएमपीएसला याच लावू. टोक तर बसतंय.

केबलचं कार्डाकडचं टोक जगभर एकाच प्रमाणानुसार बनतं. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र असं सर्वमान्य प्रमाण नाही. कुठल्या पिनवर १२ व्होल्ट, कुठल्यावर ५ व्होल्ट आणि कुठल्यावर ग्राउंड, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येही ते वेगळं असतं.

परिणाम काय होतो? हार्ड डिस्क किंवा एसएसडीला जिथे ५ व्होल्ट जायला हवेत तिथे १२ जातात आणि ती क्षणात मरते. त्यातले फोटो आणि कामाच्या फायलीही तिच्यासोबत जातात. एसएसडी नवी घेता येते, पण बॅकअप नसेल तर आत साठवलेलं काम परत मिळेलच असं नाही.

म्हणून नियम सरळ आहे. एसएमपीएस बदलला की त्याच्या सगळ्या केबलही बदलायच्या. खोक्यात ज्या आल्या त्याच वापरायच्या. सेकंडहँड मॉड्युलर एसएमपीएस घेत असाल तर केबल मूळच्याच आहेत का, हे आधी विचारा. दुकानदार 'कुठली पण लावा, चालतंय' म्हणाला तर तो एसएमपीएस घेऊ नका.

शंभर-दोनशे रुपयांचा अ‍ॅडॅप्टर घेऊन भागेल का?

एसएमपीएसला आठ पिनांची केबलच नसेल तर बाजारात त्यावरही तोडगा मिळतो. हार्ड डिस्कच्या साटा प्लगमधून आठ पिन बनवणारा छोटा अ‍ॅडॅप्टर. स्वस्त आणि धोकादायक.

साटा प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिन असतात आणि प्रत्येकीची क्षमता १.५ अँपिअर. म्हणजे एकूण ४.५ अँपिअर, ५४ वॅट. आणि आठ पिनांचं सॉकेट दिसलं की कार्ड समजतं, आपल्याला १५० वॅट मिळणार. ५४ वॅटच्या प्लगमधून १५० वॅट ओढले तर तो वितळणारच.

एसएमपीएसला हवी ती केबल नसेल तर त्यातून एकच निष्कर्ष निघतो. तो एसएमपीएस या कार्डासाठी बनलेला नाही.

मग ती कार्डं वितळली ती का?

१२ ऑक्टोबर २०२२ रोजी आरटीएक्स ४०९० बाजारात आलं. जेमतेम दोन आठवड्यांत त्याचे वितळलेले प्लग दाखवणारे फोटो इंटरनेटवर फिरू लागले. त्या वेळचं सर्वांत महागडं गेमिंग कार्ड आणि त्याचं सॉकेट काळंठिक्कर.

आधी दोष अ‍ॅडॅप्टरला दिला गेला. मग 'गेमर्स नेक्सस' या अमेरिकी यूट्यूब चॅनेलने कार्डं आणि प्लग तपासले. त्यांच्या पाहणीत महत्त्वाचं कारण निघालं ते अर्धवट बसलेला प्लग. नोव्हेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियानेही जगभरातून सुमारे ५० तक्रारी आल्याचं सांगितलं आणि प्लग पूर्ण न बसणं हे वारंवार आढळणारं कारण असल्याचं म्हटलं.

अर्धवट प्लगने एवढं काय होतं? गर्दीच्या वेळची लोकल डोळ्यांसमोर आणा. डब्याला सहा दरवाजे आहेत आणि दादरला सगळ्यांनाच उतरायचंय. सहाही उघडे असतील तर धक्काबुक्की होते, पण माणसं उतरतात. त्यातले चार बंद पडले तर सगळी गर्दी उरलेल्या दोनांवर येते. प्लग तिरका किंवा अर्धवट बसला की काही पिन नीट टेकत नाहीत आणि त्यांचा प्रवाह उरलेल्या पिनांवर जातो. प्रवाह वाढला की उष्णता त्याहून वेगाने वाढते. प्लॅस्टिक मऊ होतं, पिन आणखी सैल होते, ती आणखी तापते.

पण सगळा दोष ग्राहकाच्या माथी मारणंही बरोबर नाही. या प्लगची रचनाच काठावरची आहे. त्याच्या प्रत्येक पिनची क्षमता ९.५ अँपिअर आणि पूर्ण भाराला तिच्यावर ८.३ येतात. मोकळीक फार थोडी. जुन्या आठ पिनांच्या प्लगमध्ये ही मोकळीक कितीतरी जास्त होती, म्हणून तो थोडा सैल बसला तरी निभावून जायचं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये जर्मन यूट्यूबर रोमन हार्टुंग यांनी आरटीएक्स ५०९० ला जोडलेल्या केबलची एकेक तार मोजली. तेव्हा एकाच तारेतून २० अँपिअरहून जास्त प्रवाह जाताना दिसला, आणि काही तारांतून मात्र फारच कमी. प्रवाह सहा तारांत सारखा वाटला जातोय की नाही, याकडे कार्ड लक्षच देत नव्हतं.

त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत, केबल कोनात वळवून देणारे सुमारे २५ हजार अ‍ॅडॅप्टर परत मागवण्यात आले. कारण तेच, सैल होणं आणि जास्त तापणं.

१२व्ही-२x६ या सुधारित सॉकेटमध्ये संदेशाच्या चार पिन आखूड केल्या आहेत. प्लग पूर्ण आत गेल्याशिवाय त्या टेकत नाहीत, आणि त्या टेकल्या नाहीत तर कार्ड वीज घेत नाही. त्यामुळे अर्धवट प्लगचा धोका कमी झाला, पण पूर्ण गेलेला नाही.

जोडायची नेमकी पद्धत

आता प्रत्यक्ष काम. घाई नको, उजेड भरपूर हवा.

१. वीज बंद: कॉम्प्युटर शटडाउन करा, एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करा आणि प्लग भिंतीतून काढा. मग कॅबिनेटचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. एसएमपीएस स्वतः कधीही उघडू नका.

२. हातातली स्थिर वीज: कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा आणि मगच कार्ड उचला. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत हे विसरू नका.

३. आधी कार्ड, मग केबल: स्लॉटचं लॉक उघडा, कार्ड सरळ दाबून बसवा आणि मागचे स्क्रू घट्ट करा. कार्ड हलत असेल तर केबलवरही ताण येतो.

४. प्रत्येक सॉकेटला वेगळी केबल: कार्डाला आठ पिनांची दोन सॉकेटं असतील तर एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र केबल आणा. काही केबलना एकाच तारेवर दोन प्लग असतात. कमी वॅटच्या कार्डाला ते चालून जातं. पण जास्त वीज खाणाऱ्या कार्डाचा सगळा भार एकाच केबलवर टाकू नका.

५. 'टक्' आवाज: ६+२ चे दोन तुकडे आधी एकमेकांत नीट अडकवा, लॉकची पट्टी सॉकेटवरच्या उंचवट्याच्या बाजूला धरा आणि सरळ दाबा. आठ पिनांचा प्लग टक् आवाज करतो. सोळा पिनांच्या प्लगचा आवाज कधीकधी ऐकूच येत नाही. म्हणून डोळ्यांनी पाहा. प्लग आणि सॉकेटमध्ये फट दिसता कामा नये. मग हलकेच मागे ओढून पाहा. तो हलला नाही पाहिजे.

६. केबल लगेच वळवू नका: सोळा पिनांच्या प्लगपासून साधारण ३५ मिलिमीटर, म्हणजे दोन बोटं रुंदीएवढी, केबल सरळ राहू द्या. कॅबिनेटचं झाकण केबलला दाबत असेल तर पिन आतून तिरक्या होतात. कार्ड घेण्याआधीच कॅबिनेटची रुंदी मोजा. छोट्या खोलीत छोटं कॅबिनेट घेतलं जातं आणि मग नेमकं हेच होतं.

७. एसएमपीएसकडचं टोकही तपासा: कार्डाकडे सगळे पाहतात आणि मॉड्युलर केबलचं दुसरं टोक सैल राहतं. तेही दाबून बघा.

एसएमपीएस पुरेल का, हे कसं कळणार?

खोक्यावरचा मोठा आकडा पाहू नका. एसएमपीएसच्या अंगावरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. तिथे २५ अँपिअर असतील तर १२ व्होल्टवर ३०० वॅटच मिळतील, बाहेर कितीही मोठा आकडा छापलेला असो. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसमध्ये हे हमखास तपासावं.

'८० प्लस'च्या शिक्क्याचाही गैरसमज आहे. वीज किती वाया जाते, म्हणजे कार्यक्षमता किती, एवढंच तो शिक्का सांगतो. सुरक्षिततेची हमी तो देत नाही.

कार्डाची कंपनी किमान किती वॅटचा एसएमपीएस हवा ते लिहून देते. आरटीएक्स ४०६० साठी ५५० वॅट, ४०९० साठी ८५०, ५०९० साठी १,०००. कार्डाचं बिल करण्याआधी हा आकडा आपल्या एसएमपीएसशी ताडून पाहा. नाहीतर घरी आल्यावर कळतं की कार्डाच्या बजेटमध्ये एसएमपीएस धरलाच नव्हता.

आणि घरातलं वायरिंग?

कुलाब्यापासून माहीम आणि सायनपर्यंत घरात वीज येते ती बेस्टची. साधा गेमिंग कॉम्प्युटर ५०० वॅट घेत असेल तर भिंतीवरच्या सॉकेटमधून दोन-सव्वादोन अँपिअरच जातात. त्याला ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. प्रश्न प्रवाहाचा नसतो, अर्थिंगचा असतो.

गिरगाव, परळ, लालबागमधल्या जुन्या चाळींचं मूळ वायरिंग दिवा आणि पंख्यासाठी झालेलं. त्याच खोलीत पुढे फ्रिज आला, टीव्ही आला, एसी आला आणि आता कॉम्प्युटर. जिथे वायरिंग बदललेलं नाही, तिथे सॉकेटला तीन भोकं असतात पण तिसऱ्यामागे अर्थिंगची तार असेलच असं नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती अर्थिंग नसल्याची ठळक खूण आहे. ते 'थोडं करंट मारतं' म्हणून सोडून देऊ नका. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर कॉम्प्युटर, इस्त्री आणि किटली लावू नका.

सुरू केलं, पण पडदा काळाच?

घाबरू नका, क्रमाने पाहा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला राहिलीय का? ती कार्डाला लावायची असते. ही चूक फार नेहमीची आहे. कार्डावर सॉकेटजवळ लाल दिवा लागलाय किंवा पडद्यावर वीजजोडणीचा संदेश आलाय? मग केबल अर्धवट आहे. कॉम्प्युटर पूर्ण बंद करून, भिंतीतून प्लग काढून ती पुन्हा बसवा. गेम सुरू केल्यावरच कॉम्प्युटर बंद पडतोय? मग संशय एसएमपीएसवर घ्या.

पहिल्या दिवशी तास-दोन तास कॉम्प्युटरजवळच थांबा. जळकट वास आला तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा. तापलेला प्लग ओढू नका, पाणी मारू नका. धूर वाढत असेल तर घराबाहेर पडा आणि १०१ वर अग्निशमन दलाला फोन करा. दहा बाय बाराच्या खोलीत कॉम्प्युटर आणि झोपायची जागा यांत हातभराचंच अंतर असतं. त्यामुळे कार्डावर भार टाकून रात्रभर रेंडरिंग लावून झोपायची सवय नव्या जोडणीच्या पहिल्या काही दिवसांत तरी नको.

यातलं काहीच स्वतः करायचं नसेल तर कॅबिनेट घेऊनच लॅमिंग्टन रोडला जा. अनेक दुकानांत कार्ड बसवून, सुरू करून दाखवतात. बिल घ्या, वॉरंटीत जळलेल्या किंवा तुटलेल्या भागाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. झाकण लावण्याआधी जोडलेल्या प्लगचा जवळून एक फोटो काढून ठेवा. टॅक्सीतून लालबागपर्यंत येताना कॅबिनेट हिंदकळतं, कार्डाच्या वजनाने प्लग हलू शकतो. घरी आल्यावर झाकण उघडा, फोटोशी ताडून पाहा, फट दिसत नाही ना याची खात्री करा आणि मगच बटण दाबा.